कुऱ्हाडीचा दांडा

लाकूडतोड्याची आणि जलदेवतेची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली नाही असा वाचक विरळा. कुऱ्हाड नदीत पडते, देवता एकदा सोन्याची आणि एकदा चांदीची कुऱ्हाड घेऊन वर येते, आणि लाकूडतोड्या दोन्ही वेळा मान हलवतो. गोष्ट सांगून झाली की आमचे गुरुजी 'तात्पर्य काय?' असे विचारीत आणि सगळा वर्ग एका सुरात 'प्रामाणिकपणा!' म्हणून ओरडत असे. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे, की त्या बिचाऱ्याच्या प्रामाणिकपणाचे आपण जरा जास्तच कौतुक केले. सोने हा मऊ धातू. सोन्याच्या कुऱ्हाडीने बाभळीवर एक घाव घातला असता तर धार मुडपून तिची कानपाळी झाली असती. तो माणूस धंद्यातला होता. त्याला आपली स्वतःची कुऱ्हाड हवी होती. कारण तिचे वजन त्याच्या खांद्याला माहीत होते आणि तिच्या दांड्याला त्याच्या तळहाताचा आकार आलेला होता. देवतेला हे कळले नसावे. तिने कधी लाकडे फोडली नव्हती.

हे शहाणपण मला सुचले ते एका गंजक्या कुऱ्हाडीमुळे. निवृत्त माणसाला दोन ठिकाणी जायला कायद्याने मज्जाव असावा, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे: एक पुस्तकांचे प्रदर्शन आणि दुसरा जुना बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गोणपाटावर मांडलेल्या त्या जगात काय नसते? कुलपे असतात, पण किल्ल्या नसतात. किल्ल्या असतात, पण कुलपे नसतात. बिनकाट्यांची घड्याळे, एका पायाची चूल, कुणाच्या तरी लग्नात मिळालेला आणि नावासकट विकलेला तांब्या. गणपती होऊन गेल्यावरच्या एका रविवारी तिथे मला ती दिसली. दांडा नव्हता. नुसते पाते, आणि तेही इतके तांबूस, की प्रथम मला तो विटेचा तुकडाच वाटला. उचलली तर हातात दीड किलोच्या आसपास वजन भरले. विकणाऱ्याने तीनशे सांगितले. मी पाते दोरीला टांगून खिशातल्या किल्लीने त्यावर टिचकी मारली. लोखंडाला कुठे तडा असला तर आवाज फुटका येतो, माठासारखा. हिचा आवाज देवळातल्या लहान घंटेसारखा आला आणि बराच वेळ राहिला. मी तो आवाज ऐकत उभा राहिलेला पाहून विकणाऱ्याने ओळखले, की गिऱ्हाईक आता काही जात नाही. एकशेऐंशीवर सौदा तुटला.

"अहो, या वयात आता परशुरामाचा अवतार का घेताय?" एवढेच घरी विचारण्यात आले.

घ्यायचे कारण होते. पावसाळ्यात आमच्या गल्लीतला गुलमोहर वादळात आडवा झाला. महापालिकेच्या माणसांनी त्याचे ओंडके करून रस्ता मोकळा केला, आणि त्यांतले सातआठ ओंडके आमच्या मागल्या अंगणात येऊन पडले. शिवाय घरात तांब्याचा एक बंब आहे. तीन वर्षांपूर्वी कोकणातले घर बंद करून आईला इकडे आणले, तेव्हा तिने बरोबर काय घ्यावे? पाट, विळी, आणि हा बंब. तेव्हापासून तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घासूनपुसून उभा होता आणि पाहुणे त्याला 'अँटीक' म्हणत होते. यंदा नरकचतुर्दशीला आईला त्याच बंबातल्या पाण्याने न्हाऊ घालायचे, असे मी मनाशी ठरवले होते. तिचे वय शहाऐंशी. असले बेत पुढच्या दिवाळीवर ढकलता येत नाहीत.

गंजाचे दोन प्रकार असतात हे मला या निमित्ताने कळले. एक तांबडा, वरवरचा. तो नुसता मळ. दुसरा काळा, खोल गेलेला, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडणारा. पहिला जातो, दुसऱ्याशी जमवून घ्यावे लागते. मी घरातली उपाययोजना केली: जुन्या चिंचेचा घट्ट कोळ करून त्यात पाते दोन दिवस बुडवून ठेवले. देवाची भांडी जिने उजळतात, तीच आंबट युक्ती. पाणी शाईसारखे काळे झाले. मग ब्रशने घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारून, कोरडे करून, लगेच तेलाचा हात फिरवला. कारण नुकते उघडे पडलेले लोखंड घटकाभरात पुन्हा तांबूस होऊ लागते.

आणि मग उजेडात धरून पाहतो तो काय! पात्याच्या अंगावर एक रेघ उमटली होती. रेघेच्या वरचा भाग करडा, खालचा काळसर. ती कुऱ्हाड एका धातूची नव्हतीच. जुने लोहार सगळी कुऱ्हाड पोलादाची करीत नसत, पोलाद महाग. अंग साध्या लोखंडाचे करायचे आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, घणाने ठोकून, एकजीव करायची. आंबात बुडवल्यावर पोलाद लोखंडापेक्षा जास्त काळवंडते, म्हणून सांधा दिसू लागतो. एरवी तो कोणाच्या नजरेस पडत नाही.

ती काळी पट्टी मी किती वेळ न्याहाळत बसलो असेन कोण जाणे. कारण ती पट्टी म्हणजे कुऱ्हाडीची जन्मपत्रिकाच. प्रत्येक वेळी धार लावायची म्हणजे थोडे पोलाद घासून टाकायचे. कुऱ्हाड जितकी कामाची, तितकी ती लवकर झिजते. आणि पट्टी संपली, की पुढे नुसते लोखंड, ज्याला धार लागली तरी टिकत नाही. हिची पट्टी एका टोकाला दोन बोटे रुंद शिल्लक होती आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम एक. म्हणजे जो कोणी तिचा धनी होता, त्याचा घाव नेहमी जरा तिरका पडत असावा आणि तेच टोक तो पुन्हा पुन्हा घासत असावा. मागचा माथा पाहावा, तर तो कडेने अळंबीसारखा पसरलेला. ही कुऱ्हाड लाकडात रुतवून कोणी तरी तिच्या डोक्यावर घणाचे घाव घातले होते. कुऱ्हाडीला पाचर म्हणून राबवणे हे बैलाला घोड्याच्या शर्यतीत पळवण्यासारखे आहे. पण गरजवंताला एवढा विचार कुठला! माथ्याचे ते ओठ मी कानशीने उतरवले. पुढे कधी ठोका बसला तर त्यांचाच तुकडा उडून डोळ्यात जायचा.

धारेकडे वळलो आणि कानस थबकली. खरे म्हणजे थबकली नाही, हीच पंचाईत. चांगल्या पोलादावर कानस घसरते, कुरकुरते, मोठ्या नाखुशीने खाते. इथे ती एका कोपऱ्याशी साबणात शिरावी तशी शिरू लागली.

शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एका घिसाडी कुटुंबाचा मुक्काम होता. झाडाखाली ऐरण रोवलेली, चाकाने फिरवायचा पंखा, कोळशाची लहानशी भट्टी. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला, आणि बायको उभी राहून दोन्ही हातांनी घण घालते आहे. ज्यांनी हा देखावा पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की घण बहुधा बाईच्याच हातात असतो. पुरुष लहान हातोडीने जागा दाखवतो, बाई तिथे घाव घालते, आणि दोघांत शब्द एक नाही. त्याने पाते हातात घेतले, कोपऱ्यावर नख ओढले आणि म्हणाला, "इजेच्या चाकावर धरली हुती कुनीतरी. पानी उतरलंय." मग पात्याची दुसरी बाजू पाहत, काहीशा आदराने, "जुनी घडन हाय, दादा. आता समदं मोटारीच्या कमानपाट्याचं."

'पाणी देणे' हा शब्द आपण किती सहज वापरतो! तरवारीचे पाणी, पाणीदार घोडा, पाणीदार डोळे. त्या शब्दाच्या मुळाशी मी त्या दिवशी दोन हातांवर उकिडवा बसलो होतो. पोलाद लालभडक तापवून पाण्यात विझवले की ते कठीण होते, पण इतके, की काचेसारखे तडकावे. तेव्हा त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. तो माणूस काय करतो, तर फक्त धारेची कड बोटभर पाण्यात बुडवतो आणि चटकन बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून पांढरी करतो. मागल्या जाड अंगात ऊब अजून असते. ती हलके हलके धारेकडे सरकू लागते, आणि तिच्या पुढे पुढे रंग चालतात: आधी वाळल्या गवताच्या काडीचा पिवळा, मग बदामी, मग जांभळा, आणि शेवटी मोरपंखी निळा. पिवळा दिसतो तो २२०-२३० अंशांच्या सुमारास आणि निळा ३०० च्या आसपास. पिवळ्यावर थांबले तर धार कडक पण ठिसूळ. निळ्यापर्यंत जाऊ दिले तर मऊ. विजेच्या चाकावर धार धरली, की ठिणग्यांच्या गंमतीत हाच निळा रंग येऊन जातो आणि पाणी उतरते. घिसाड्याने बदामी रंग जांभळ्यात जाता जाता पाते सबंध पाण्यात टाकले. हे सारे दहा-पंधरा सेकंदांत झाले. त्याच्याजवळ ना घड्याळ, ना तापमापक. मी पैसे विचारले तेव्हा उत्तर बाईने दिले. हिशेबही घणाबरोबर तिच्याकडेच असावा.

त्यांच्याकडूनच बाभळीचा एक वाळलेला दांडा घेतला. दांडा घेताना रेषा पाहाव्यात, त्या टोकापासून टोकापर्यंत सरळ धावायला हव्यात. मध्येच तिरप्या बाहेर पडणाऱ्या असतील तर तिथेच तो एक दिवस दगा देतो. लाकूड ओले असून चालत नाही. वाळताना आकसते आणि पाते सैल होते. पाते सैल झाले की कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवण्याची पद्धत आहे. दांडा फुगतो, पाते घट्ट बसते, आणि चार दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त हलू लागते. कर्ज काढून सण साजरा करण्यातला प्रकार!

नेढ्यात दांडा, ही रचना आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल हे ध्यानातही येत नाही. १९५०-५१ साली संगमनेरजवळ जोर्वे येथे उत्खनन झाले. तिथे ताम्रपाषाणयुगातल्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. त्यांना नेढे नाही. म्हणजे त्या काळी कुऱ्हाडीत दांडा बसत नव्हता. दांड्यात कुऱ्हाड बसवून ती बांधून टाकावी लागत असणार. दर घावाला ते बंध ढिले होत असतील आणि दर संध्याकाळी कोणी तरी ते पुन्हा आवळत बसत असेल. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण जुनी खरी, पण तीमध्ये लाकडाला दिलेला दोष मला कधी पटला नाही. बाभळीने दांडा होऊ दे म्हणून अर्ज थोडाच केला होता?

तर असा तो दांडा मी मागल्या दारी तासून नेढ्याच्या मापाचा केला, जवसाचे तेल चोळले, तोंडाला पाचरीसाठी चीर दिली, आणि पाते कसे चढवावे याचा विचार करीत लाकडी हातोडा घेऊन उभा राहिलो. आई उंबऱ्याशी पाटावर बसून दिवाळीच्या वाती वळत होती. तिने मान वर केली.

"खाली टेकून नको हो ठोकूस. दांड्याचं तोंड फुटतं. उचलून धर. पातं खाली लोंबू दे, आणि वरून दांड्याच्या बुडावर ठोक."

मी तसे धरले. अधांतरी लोंबणाऱ्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर वरून ठोके घालायचे, आणि पाते खाली गळून पडण्याऐवजी दर ठोक्याला दांड्यावर चढत जाते! पाहणाऱ्याला ही जादू वाटेल. पाते जड, ते जिथल्या तिथे राहू पाहते, आणि दांडा त्याच्यातून पुढे सरकतो. आठ-दहा ठोक्यांत ते असे बसले, की पाचर केवळ शिष्टाचार म्हणून मारली.

"तुला गो कसं ठाऊक हे?"

"इतकी वर्षं लाकडं कोण फोडीत होतं?" ती वात वळता वळता म्हणाली.

माझे वडील मुंबईला एका कचेरीत होते. कोकणातल्या पुष्कळ घरांतले कर्ते पुरुष तेव्हा तसेच मुंबईला असत. गणपतीत आणि मे महिन्यात ते घरी येत. मी दहाव्या वर्षी काकांकडे शिकायला मुंबईस गेलो आणि मीही मग गणपतीत आणि मे महिन्यातच घरी येऊ लागलो. पडवीत भिंतीला लागून छातीइतकी उंच रचलेली लाकडे माझ्या डोळ्यांपुढे अजून आहेत. आंब्याला आंबे असावेत तशी ती तिथे असत.

"गडी येत असे ना एक?"

"येई की. वैशाखात दोन दिवस. मोठे ओंडके फोडून जाई. त्याचे चुलीत जातील असे तुकडे कोण करणार? आणि आषाढात सरपण सरलं, की गडी आपल्या लावणीवर. तुझी आजी सोवळ्यात, आत्या दम्याची."

"मग?"

"मग काय? कुऱ्हाड होती."

मी जरा वेळ गप्प राहिलो. मग विचारले, "बाबांना ठाऊक होतं?"

"ते यायचे तेव्हा लाकडं फोडलेली असायची," आई म्हणाली, आणि तिने पुढची वात हातात घेतली. स्वरात तक्रार नव्हती, अभिमानही नव्हता. मीठ कुठे ठेवले आहे ते सांगावे तसे तिने सांगितले.

त्या दुपारी मी तिला पुष्कळ विचारले आणि तिनेही, एरवी कमी बोलणारी, पुष्कळ सांगितले. ऐनाचे लाकूड चिवट, पण विस्तव धरून ठेवते. ओंडका उभा करून आधी त्याचे तोंड पाहावे. वाळताना त्याला चिरा गेलेल्या असतात, त्या चिरेवर घाव घालावा. मोठा ओंडका मधोमध फोडायला जाऊ नये, कडेकडेने सोलत यावे. गाठ असेल ती बाजू खाली ठेवावी. घाव घालताना गुडघ्यात वाकावे, म्हणजे कुऱ्हाड चुकली तरी जमिनीत जाते, पायात येत नाही. पावसात लाकडे फोडायची तर पडवीत फोडावी लागत आणि वरचा वासा आडवा येई, म्हणून तिने आखूड दांड्याची कुऱ्हाड करून घेतली होती. "तुझ्या वेळी सातवा महिना लागेतो फोडली," हेही तिने मधेच सांगून टाकले. ते ऐकून आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. नंतर बराच वेळ त्या दोघीच बोलत होत्या.

धार मी दुसऱ्या दिवशी लावली. आधी कानशीने, दोन्ही बाजू मिळून पंचवीस-तीस अंशांचा कोन राखून, दोन्हीकडे सारखे हात मोजून. मग निसण्यावर पाणी घालून, गोल गोल. फोडायच्या कुऱ्हाडीला वस्तऱ्याची धार नको. पात्याचे गाल जरा फुगीरच हवेत, म्हणजे लाकूड कापले न जाता दुभंगते. दोन दाते होते, त्यांतला एक पुरता गेला. दुसरा घालवायचा तर आणखी पोलाद खर्ची पडले असते, तेव्हा तो तिळाएवढा राहू दिला. आईने आडवा अंगठा फिरवून धार पाहिली. धार नेहमी आडवी पाहावी. "लागली," ती म्हणाली. मग दांडा हातात तोलून, "वीतभर लांब आहे."

मी करवत आणली. तिने नखाने खूण केली तिथे दांडा कापला, कडा घासून गोल केली आणि पुन्हा तेल दिले. माझ्या उंचीला तो आता थोडा आखूड पडतो.

खंडेनवमीला आमच्या घरी पूर्वी वडिलांचा टाक पूजेत असे, अलीकडे संगणक असतो. यंदा त्याच्या शेजारी कुऱ्हाड मांडली. हळदकुंकू आईने वाहिले. तिला प्रथम, संगणकाला नंतर.

वसुबारसेच्या दिवशी मी गुलमोहराचे ओंडके फोडायला घेतले. "गुलमोहर!" आई म्हणाली. "ह्याला काय जळण म्हणायचं?" तरी ती पाट घेऊन बाहेर आली. चार-पाच ओंडके झाल्यावर तिने कुऱ्हाड मागितली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. तिने कुऱ्हाड उगारली नाही. बसल्या बसल्या एक पातळ फळकूट ठोकळ्यावर उभे केले, त्याच्या तोंडावर धार नुसती टेकवली, मग फळकुटासकट कुऱ्हाड वीतभर उचलून ठोकळ्यावर आपटली. टक् करून त्याच्या दोन ढलप्या झाल्या. दोनाच्या चार. हात कापत होते. पण धार जिथे टेकायची तिथेच टेकत होती.

"बंबाला किती ढलप्या लागतील गो?" मी विचारले.

"आंघोळीला माणसं किती?"

"मुलगी-जावई येणार, नात आहे. आपण तिघं. सहा."

तिने पुढ्यातल्या ढलप्या मोजायला सुरुवात केली.